दाता चित्रात कुठे आहे?

कलाकृती आणि कागद : भाग आठवा

तिरुवैयारुहून तंजावर जेमतेम बारा-तेरा किलोमीटर. तेवढ्या वाटेत बस पाच नद्या ओलांडते: कावेरी, कुडमुरुट्टी, वेट्टारु, वेण्णारु आणि वडवारु. तिरुवैयारुत संगीतकार त्यागराजांची समाधी आहे, ऐयारप्पर शिवाचे विस्तीर्ण देऊळ आहे, घाट आहेत. पण त्या परिसरातल्या एखाद्या मूर्तीचा, चित्राचा किंवा शिल्पाचा मागोवा घ्यायचा तर या पाच नद्या ओलांडून तंजावरच्या राजवाड्यात, सरस्वती महाल ग्रंथालयात जावे लागते. गेल्या भागापर्यंत आपण कलाकृतीसमोर उभे राहून नोंदी कशा करायच्या ते पाहिले. आता त्या नोंदी घेऊन ग्रंथालयात शिरायचे आहे.

उदाहरण म्हणून मी मुद्दाम देवळातले चित्र घेत नाही. तंजावरच्या शिवगंगा तळ्याजवळ 1779 साली बांधलेले एक छोटे चर्च आहे. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या नावाने लोक त्याला ओळखतात. आत भिंतीवर पांढऱ्या संगमरवराचा एक उठावशिल्पाचा पट आहे. श्वार्ट्झ अंथरुणावर पडलेला आहे, शेजारी उभ्या असलेल्या राजाने त्याचा हात हातात घेतला आहे, मागे दुसरा पाद्री, बाजूला राजाची माणसे आणि पलंगाशी शाळेतली मुले. हा राजा म्हणजे तंजावरचे भोसले घराण्यातले दुसरे सरफोजी. शिल्पकार जॉन फ्लॅक्समन, लंडनचा. तो कधीही हिंदुस्थानात आला नाही.

मराठी माणसाने हा पट निवडावा याला कारण आहे. मराठी राजाने, मराठी दरबाराच्या पैशातून, आपल्या ख्रिस्ती गुरूसाठी, इंग्लंडमधल्या शिल्पकाराकडून करवून घेतलेली ही वस्तू आहे. तिचे कागद मोडीत, इंग्रजीत आणि जर्मनमध्ये विखुरलेले आहेत. एकाच वस्तूवर किती प्रकारच्या ग्रंथालयांतून काम करता येते, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण माझ्या माहितीत नाही.

पहिली पायरी दगडावरच असते. पटाखाली इंग्रजी ओळी कोरल्या आहेत. तो मजकूर अक्षर न् अक्षर उतरवून घ्यायचा, मोबाइलवर फोटो काढून भागवायचे नाही. हाताने उतरवताना नावांची स्पेलिंगे, मोठी अक्षरे, ओळी कुठे तुटतात हे डोळ्यात भरते आणि पुढे तेच शोधाचे शब्द होतात.

दुसरी पायरी संदर्भकोशांची. शिल्पकाराचे नाव कळले की सरळ त्याच्यावरच्या जाडजूड चरित्राकडे धावू नये. आधी कोश उघडावा. ब्रिटिश शिल्पकारांसाठी रूपर्ट गनिस यांचा 1953 सालचा कोश आहे आणि 2009 साली त्याची खूप वाढवलेली नवी आवृत्ती निघाली. त्यात प्रत्येक शिल्पकाराच्या कामांची यादी, जागा आणि वर्षे मिळतात. हिंदुस्थानातल्या कंपनीकाळच्या शिल्पांवर बार्बरा ग्रोसक्लोज यांचे 1995 सालचे पुस्तक आहे. मेरी अॅन स्टेगल्स यांची ब्रिटिश राजवटीतल्या पुतळ्यांची सूचीही उपयोगी. कोशात डोके घातल्याचा पहिला फायदा असा, की एकाच वस्तूला वेगवेगळी वर्षे दिलेली दिसतात. या पटासाठी 1811 हे वर्ष बऱ्याच ठिकाणी भेटते, तर काही ठिकाणी त्याआधीचे. यात गोंधळून जाण्यासारखे काही नाही. कुणी काम सांगितल्याचे वर्ष देतो, कुणी कोरून झाल्याचे, कुणी जहाजाने पोहोचून भिंतीत बसल्याचे. वहीत तीन रकाने करावेत आणि प्रत्येक वर्ष त्याच्या रकान्यात टाकावे. काम सांगितल्याचा रकाना लवकर भरतो. लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेला सरफोजींनी पत्र लिहून स्मारकाची इच्छा कळवली ती 1801 मध्ये.

हे वर्ष मी फार मोलाचे मानतो. सरफोजी 1798 मध्ये गादीवर आले. ऑक्टोबर 1799 च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजाकडे किल्ला, आसपासचा थोडा मुलूख, तनखा आणि मान राहिला. त्यानंतर दोन वर्षांच्या आत हा राजा लंडनला संगमरवर सांगतो. सत्ता गेलेल्या माणसाने पैसा कशावर लावला, हा प्रश्न वर्ष कळल्याशिवाय सुचतच नाही.

तिसरी पायरी चरित्रांची आणि पत्रांची. इथे थोडा वेळ थांबणार आहे, कारण ग्रंथालयाचा खरा उपयोग इथे कळतो.

पटात दिसते ते असे: मरणशय्येवरचा पाद्री आणि त्याचा हात धरलेला राजा. पाहणारा समजतो की श्वार्ट्झने प्राण सोडला तेव्हा सरफोजी उशाशी होते. आता ह्यू पिअर्सन यांनी लिहिलेले श्वार्ट्झचे दोन खंडांचे चरित्र काढा. ते 1834 साली लंडनला छापले गेले. आता त्याची प्रत आंतरजालावरच्या जुन्या ग्रंथांच्या संग्रहात फुकट मिळते. त्यात सहकाऱ्यांची पत्रे आहेत. त्यांवरून कळते की श्वार्ट्झने राजपुत्र सरफोजींना जवळ बोलावून शेवटचा उपदेश केला तो नोव्हेंबर 1797 मध्ये. मृत्यू 13 फेब्रुवारी 1798 चा. मधे जवळपास तीन महिने. सरफोजी परत आले ते अंत्यदर्शनाला, गुरूचे डोळे मिटल्यावर. आणि तेव्हा ते राजे नव्हते. गादी अजून आधीच्या राजाकडे, अमरसिंहाकडे, होती.

म्हणजे फ्लॅक्समनने एका दिवसाचा वृत्तांत कोरलेला नाही. नोव्हेंबरचा आशीर्वाद, फेब्रुवारीचे मरण आणि पुढच्या जूनमध्ये मिळालेले राजेपण त्याने एका चौकटीत आणले. याला खोटेपणा म्हणणे चूक ठरेल. स्मारकाचा पट असाच रचतात. पण हे आपल्याला कळले ते पट आणि पत्र शेजारी ठेवल्यावर. नुसता पट पाहणारा भाबडा राहतो आणि नुसती पत्रे वाचणाऱ्याला राजाला काय हवे होते ते दिसत नाही.

पिअर्सन यांच्या त्याच ग्रंथात आणखी एक घबाड आहे. श्वार्ट्झचे दुसरे स्मारक मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या सेंट मेरी चर्चमध्ये आहे. ते कंपनीच्या डायरेक्टरांनी करवले. शिल्पकार जॉन बेकन धाकटा, काळ 1807 च्या सुमाराचा. कंपनीने त्या शिल्पाचे जे वर्णन मद्रासला पाठवले त्यात मरणशय्या आहे, मुले आहेत, डोक्याला आधार देणारा सहकारी पाद्री आहे आणि वर क्रॉस घेतलेला देवदूत आहे. राजा नाही. एकच माणूस, एकच मृत्यू, दोन दाते, दोन चित्रे. तंजावरच्या पटात आधार देणारा राजाचा हात आहे, मद्रासच्या पटात स्वर्गातून आलेला दूत. मला विचाराल तर या एका तुलनेतून सरफोजींच्या मनाविषयी जे कळते ते अर्धा डझन गौरवग्रंथांतून कळणार नाही. राज्य गेलेल्या राजाने स्वतःला गुरूच्या उशाशी, पटाच्या मध्याशी उभे केले आणि इंग्रजांच्याच चर्चमध्ये, इंग्रजांच्याच शिल्पकाराकडून, ते कायमचे करून ठेवले.

म्हणून कोणत्याही कलाकृतीपुढे मी वाचकांना एक प्रश्न विचारायला सांगतो: पैसे कुणी दिले आणि तो माणूस चित्रात कुठे आहे? शैली, काळ, संप्रदाय हे सगळे पुढे येतेच. पण पैशाचा प्रश्न धरला की वाट आपोआप दफ्तराकडे वळते आणि दफ्तरात नुसते मत चालत नाही, कागद लागतो.

शिल्पकाराच्या बाजूचा पैशाचा कागदही आहे. फ्लॅक्समनची हिशेबाची वही लंडनमध्ये जपलेली आहे आणि वॉलपोल सोसायटीच्या अठ्ठाविसाव्या खंडात ती छापली गेली आहे. गिऱ्हाईक कोण, काम काय, किती रक्कम कधी आली, अशा नोंदी अशा वहीत असतात. त्याचे प्लास्टरचे नमुने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला मिळाले आणि ते तिथल्या मुख्य ग्रंथालयाच्या दालनात लावलेले आहेत. वॉलपोल सोसायटीचे खंड आपल्याकडच्या मोजक्या जुन्या ग्रंथालयांत मिळू शकतात. नसेल तर ग्रंथपालांना आंतरग्रंथालय देवघेवीविषयी विचारावे. नेमका खंड, वर्ष आणि लेखाचे शीर्षक चिठ्ठीवर लिहून दिले तर ग्रंथपाल मनापासून धावपळ करतात. ‘फ्लॅक्समनवर काही आहे का’ एवढेच विचारले तर त्यांच्याही हाती काही लागत नाही.

आता सरस्वती महाल. नायक राजांच्या काळात सुरू झालेला हा संग्रह सरफोजींनी वाढवला आणि 1918 साली तो सर्वांना खुला झाला. आज त्याच्या नावातच सरफोजींचे नाव आहे. हस्तलिखिते 49 हजारांच्या आसपास, त्यांत बहुसंख्य संस्कृत. मराठी हस्तलिखिते तीन हजारांहून अधिक आहेत, त्यांत तंजावर भागातल्या समर्थसंप्रदायी मठांतून आलेलीही आहेत. राजाने जमवलेली युरोपीय पुस्तके वेगळी. कितीतरी पुस्तकांवर त्याची इंग्रजी सही आहे. राजाने कोणती चित्रपुस्तके पाहिली होती हे कळले तर लंडनला काम सांगताना त्याच्या डोळ्यांपुढे काय होते याचा अंदाज बांधता येतो. बाहेरच्या दालनात पर्यटकांसाठी काही हस्तलिखिते आणि चित्रे मांडलेली असतात. संशोधनाचा विभाग वेगळा. तिथे अर्ज, ओळखपत्र आणि आपण नेमके काय शोधतो आहोत हे सांगणारे पत्र घेऊन जावे.

जाण्याआधी सूची पाहावी. बर्नेल यांनी राजवाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची 1880 साली छापली. पुढे पी. पी. एस. शास्त्री यांनी 1928 पासून वर्णनात्मक सूचीचे एकोणीस खंड काढले. मराठी हस्तलिखितांच्या सूची स्वतंत्र आहेत. तंजावरी चित्रांसाठी जया अप्पासामी यांचे 1980 सालचे मराठा काळावरचे पुस्तक आणि ब्रिटिश म्युझियममधल्या दक्षिणी चित्रांवरचा अॅना डल्लापिकोला यांचा 2010 सालचा कॅटलॉग हाताशी असावा. राजघराण्याच्या हकिकतीसाठी के. आर. सुब्रमण्यन यांचा 1928 चा इंग्रजी ग्रंथ आणि के. एम. वेंकटरामय्या यांचा 1984 चा तमिळ ग्रंथ. शिवाय तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर 1803 साली कोरलेला भोसले वंशाचा प्रचंड मराठी शिलालेख आहेच. तो याच राजाच्या हुकमाने कोरला गेला. चर्चमधला पट मागवला त्याच सुमारास या राजाने देवळाच्या भिंतीवर आपला वंश कोरवून घेतला. पट आणि शिलालेख एकत्र वाचायचे आहेत.

कॅटलॉगमध्ये शोधताना नावांनी फसायला होते. सरफोजी, शरभोजी, सर्फोजी ही आपली रूपे. इंग्रजीत त्याची आणखी तीन-चार रूपे भेटतात, श्वार्ट्झचे नाव ‘टी’सह आणि ‘टी’शिवाय येते, तंजावरचेही तसेच. प्रत्येक रूप वेगळे टाकून पाहावे लागते, कारण शंभर वर्षांपूर्वीचे कार्ड ज्या ग्रंथपालाने लिहिले त्याने त्याच्या काळचे रूप लिहिले. विषयाच्या शब्दांचेही असेच. ‘शिल्प’ या मथळ्याखाली जे सापडत नाही ते ‘चर्च’, ‘मिशन’, ‘थडगी व स्मारके’ या मथळ्यांखाली निघते.

आणि मग मोडीचे रुमाल. सरस्वती महालात तंजावर राज्याच्या मोडी कागदांचे 1342 रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. दरबारचा पत्रव्यवहार, देवळे, अन्नछत्रे, नेमणुका, रोजचा खर्च. कलेच्या अभ्यासकाला यांतला खर्चाचा भाग सर्वांत जवळचा. चितारी, सोनार, गवंडी यांना काय दिले, रंग आणि सोन्याचा वर्ख कुठून आला, हे कलेच्या पुस्तकात नसते, रोजकीर्दीत असते.

इथे एक बारीक गोष्ट जवळून दाखवतो. मोडी कागदांवर सुहूर सन भेटतो, तोही अरबी संख्याशब्दांत. समजा, पटाची मागणी झाली त्या 1801 सालचा कागद हवा आहे. सुहूर वर्ष जूनच्या सुरुवातीला, मृगाबरोबर बदलते. म्हणून मे 1801 च्या कागदावर ‘इहिदे मयातैन व अलफ’ असेल, म्हणजे 1201. आणि जुलै 1801 च्या कागदावर ‘इसन्ने मयातैन व अलफ’, म्हणजे 1202. इहिदे एक, इसन्ने दोन, मयातैन दोनशे, अलफ हजार. सुहूर सनात जून ते डिसेंबरसाठी 599 आणि जानेवारी ते मेसाठी 600 मिळवले की इसवी सन येतो. 1801 म्हणून एकच सन धरून शोधणारा अर्धे वर्ष गमावतो. शिवाय शक, संवत्सर आणि कंपनीच्या पत्रांतल्या इंग्रजी तारखा. वहीच्या पहिल्या पानावर हा तारखांचा तक्ता काढून ठेवावा, मगच रुमाल सोडावा.

राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये सरफोजींचा हात जोडून उभा असलेला संगमरवरी पुतळाही लंडनच्याच शिल्पकाराचा. महाराष्ट्रातून जाणारे त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. चर्चमधल्या पटासाठी जो प्रश्न विचारला तोच इथे विचारा. न पाहिलेल्या राजाचा चेहरा लंडनच्या शिल्पकाराने कशावरून घडवला? कोणते चित्र जहाजाने गेले, कुणी काढले, त्याला काय मिळाले? याची उत्तरे पुतळ्याजवळच्या पाटीवर शोधू नका, रुमालांत शोधा.

हीच रीत तिरुवैयारुत लावून पाहू. कावेरीकाठी त्यागराजांची समाधी आहे. त्यांनी देह ठेवला 6 जानेवारी 1847 रोजी, सरफोजींचे पुत्र दुसरे शिवाजी गादीवर असताना. आजचे समाधिमंदिर मात्र विसाव्या शतकातले. पैसे कुणी दिले? बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने, जी देवदासी परंपरेतली होती. समाधीची दुर्दशा कानावर आल्यावर तिने आपली मिळकत त्यासाठी लावली. 1921 मध्ये पाया घातला गेला आणि 1925 मध्ये प्रतिष्ठापना झाली. त्या काळी स्त्रियांना तिथल्या आराधनेत गाण्याची मुभा नव्हती. तिने स्त्रियांना घेऊन वेगळी आराधना सुरू केली. आणि दात्री चित्रात कुठे आहे? तिची मूर्ती समाधीच्या समोर आहे, त्यागराजांकडे तोंड करून. ती 1952 साली वारली, त्यानंतर ही मूर्ती बसली.

या समाधीचे कागद सरस्वती महालात शोधून उपयोग नाही. ते तेलुगू, तमिळ आणि इंग्रजीत आहेत, आणि बरेचसे मद्रासेत: तेव्हाची वर्तमानपत्रे, म्युझिक अॅकॅडमीच्या नियतकालिकाचे 1930 पासूनचे अंक, नागरत्नम्माचे मृत्युपत्र. व्ही. श्रीराम यांनी 2007 साली लिहिलेले तिचे इंग्रजी चरित्र हा चांगला दरवाजा आहे. 1904 साली निघालेल्या सुब्बराम दीक्षितरांच्या संगीत संप्रदाय प्रदर्शिनीत त्यागराजांचे छोटे चरित्र आहे. समाधिमंदिर होण्याच्या आधीचे असल्याने ते आवर्जून वाचावे.

पण एक धागा तंजावरच्या मराठी दरबाराकडे परत जातो आणि तो मला फार प्रिय आहे. प्रतापसिंह राजाच्या दरबारात, अठराव्या शतकात, मुद्दुपळनी नावाच्या गणिकेने ‘राधिका सांत्वनमु’ हे तेलुगू काव्य लिहिले. नागरत्नम्माच्या हाती त्याची आधीची छापील प्रत आली. नंतर जुने हस्तलिखित मिळवून तिने दोन्ही ताडून पाहिले आणि छापताना काय गाळले होते ते तिच्या लक्षात आले. कवयित्रीने स्वतःविषयी लिहिलेला भागही गाळला होता. तिने 1910 साली पूर्ण आवृत्ती काढली. ब्रिटिश सरकारने अश्लील ठरवून त्या आवृत्तीवर बंदी घातली, ती उठायला 1947 उजाडले. छापील प्रत आणि हस्तलिखित शेजारी ठेवणे, गाळलेले शोधणे, कुणी गाळले ते विचारणे: आपण पट आणि पत्रे यांच्या बाबतीत जे केले तेच तिने केले होते. विद्यापीठाची पायरी तिने चढलेली नव्हती.

तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने 1980 च्या दशकात मोडी कागदांतला काही भाग तमिळमध्ये भाषांतरित करून छापला. आज तंजावरच्या कलेवर लिहिणारे बहुतेक अभ्यासक त्या तमिळ खंडांवर अवलंबून आहेत, कारण मूळ मोडी वाचणारी माणसे तिथे फार थोडी उरली आहेत. इकडे महाराष्ट्रात पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग चालतात, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी वाचणाऱ्यांची मोठी परंपरा आहे, आणि वर्ग संपल्यावर पुष्कळ जणांना वाचायला कागद मिळत नाहीत. अशा वाचकांना माझी विनंती आहे. एक कलाकृती निवडा, एकच, आणि तिचे साल पक्के करा. सुहूर सनाचा तक्ता काढा, सरस्वती महालाच्या संचालकांना आपण काय शोधतो आहोत ते एका पानात लिहून कळवा आणि आठ-दहा दिवसांची सोय करून तंजावरला जा. सरकारी सुट्ट्या आधी पाहून घ्या. पोंगलच्या आठवड्यात कार्यालये बंद असतात. जानेवारीत त्यागराज आराधनेच्या दिवसांत तिरुवैयारुत राहायला जागा मिळत नाही, तेव्हा खोली तंजावरलाच घ्यावी.